मेलबॉक्स आमच्याकडे नाही

गोव्यातल्या साखळीच्या बाजारात भाजीवाल्यांच्या ओळीमागे एक अरुंद जिना आहे. त्या जिन्याने वर गेलं की परेशचं दुकान. दुकान म्हणायचं, पण तिथे तोलायला-मापायला काही नाही. तिथे नावं विकतात. कुणाला इंटरनेटवर आपल्या नावाची पाटी लावायची असली की परेश ती नोंदवून देतो, पाटीमागे चार पानं मांडून देतो, आणि त्याच नावाचा मेलचा पत्ताही करून देतो. पूर्वी माणसाला बारशाला एकदा नाव मिळालं की जन्माचं काम व्हायचं. आता ते दर वर्षी परेशकडून नवं करून घ्यावं लागतं. कलियुग म्हणतात ते हेच असावं.

मुळगावची शालिनी तिथे तक्रारी वाचायच्या कामाला आहे. वय सत्तेचाळीस. आधी ती खाणीच्या काट्यावर होती. खनिजाचा ट्रक काट्यावर चढायचा, शालिनी वजन बघायची आणि चिठी फाडायची. गाडी कुठे भरली, कोणत्या काट्यावरून गेली, नदीच्या धक्क्यावर किती वाजता पोचली, सगळं चिठ्यांवर. बारा वर्षं तिने लाल धूळ खाल्ली. मग खाणी थांबल्या आणि अर्ध्या तालुक्याच्या चुली गारठल्या. परेश तिच्या मावशीच्या दिराचा मुलगा. त्याने बोलावलं, ती आली.

तक्रारी कसल्या, तर अशा. ज्या नावाची पाटी परेशने लावली, त्या नावाने कुणाला खोटी, फसवणारी मेल गेली, की लोक पाटी कोणी लावली ते शोधून परेशच्या पत्त्यावर बोंब मारतात. पण पत्रं ज्यात येतात-जातात ती पेटी, म्हणजे मेलबॉक्स, परेशकडे नसतेच. ती परदेशातल्या एका मोठ्या कंपनीकडे भाड्याने असते. घरावरची पाटी एकाची, पेटी दुसऱ्याची, आणि पेटीत हात घालणारा तिसराच.

यावर परेशने चार ओळींचं इंग्रजी उत्तर तयार करून ठेवलं होतं. ‘सदर मेलबॉक्स आमच्याकडे नाही, बाहेरच्या कंपनीकडे आहे, कृपया त्यांना कळवावे, आपला आभारी.’ खाली नाव मात्र शालिनीचं. तक्रार आली की वाचायची, बटण दाबायचं. पहिल्या महिन्यात तिला ते बोचत होतं. मग बोचेनासं झालं. डोळ्यात मोतीबिंदू वाढतो तसंच असतं ते. रोज थोडं थोडं, आणि माणूस म्हणतो, आपल्याला स्पष्ट दिसतंय.

त्या गुरुवारी सकाळी जिन्यावर दमलेल्या पायांचा आवाज झाला. साठीचा एक माणूस वर आला. धोतर नाही, पँट. पण पँट नेसल्यासारखी. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

“शालिनी कोण ती?”

“मीच. बसा काका.”

“बसाक नाय येवक. ह्या तू लिवलंस?” त्याने एक कागद मेजावर ठेवला. तेच चार ओळींचं उत्तर, कुठून तरी छापून आणलेलं. “मी भिकाजी. इब्रामपूरचो. माज्या पुतण्यान तुमका मेल घातली, तुमी ह्या धाडलात. ह्येच्यात म्हणता काय तां माका सांग.”

शालिनीने कागदाकडे पाहिलं. “म्हणता की... पेटी आमच्याकडे नाही.”

“मगे कोणाकडे?”

“बाहेरच्या कंपनीकडे.”

“ती खय बसता?”

“अमेरिकेत, काका.”

“माजी बस साखळीपर्यंत येता,” भिकाजी म्हणाला. “अमेरिकेक जायत नाय.”

शालिनीचे कान तापले. काट्यावर ड्रायव्हर शिव्या द्यायचे, तेव्हा ती दोन जास्त देऊन मोकळी व्हायची. इथे मात्र हा माणूस शिवी देत नव्हता, आणि त्याचं बोलणं खरं होतं. खऱ्या बोलण्याला उलट शिवी नसते.

तिने त्याला पाणी दिलं आणि सगळं विचारून घेतलं. भिकाजी मूळचा सिंधुदुर्गातला, खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून आला आणि इब्रामपूरला राहिला. त्याची मुलगी रूपाली. डिचोलीकडच्या एका नर्सिंगच्या संस्थेतून गेल्या वर्षी पास झाली. तिला त्या संस्थेच्या पत्त्यावरून मेल आली होती. परदेशातल्या हॉस्पिटलात तुझी निवड झाली आहे. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता म्हापशाच्या स्टँडवर आमचा माणूस उभा असेल. पासपोर्ट आणि सगळी मूळ सर्टिफिकेटं त्याच्या हातात द्यावीत.

“शुक्रवार म्हणजे उद्या,” शालिनी म्हणाली.

“उद्या. घरात दोगींनी बॅग भरून ठेयलेली हा. माजी बायल मालती म्हणता, तुमका पोरगेचा बरा बघवत नाय. मी म्हणतंय, गे, संस्थेचो माणूस संस्थेत बसात. स्टँडार उबो रवता तो केळी इकणारो!”

“संस्थेत विचारलं नाही?”

“इचारलंय तर! थयची कारकून बाय म्हणाली, पत्तो आमचोच आसा, म्हणजे आमच्यातल्याच कोणी तरी धाडली आसतली. चार जणा एकच मेल वापरतत. एकाक वाटता दुसऱ्यान धाडली, दुसऱ्याक वाटता तिसऱ्यान. मगे पोलीस चौकीर गेलंय. तेंनी सांगल्यानी, ज्येंनी पत्तो करून दिलो तेंका इचार. दोनय जाग्यार शिक्को मारून घेतलंय, हे बघ.”

त्याने छापलेली मेल दाखवली. वर खरंच दोन गोल शिक्के होते, निळा आणि जांभळा. बिचाऱ्याला वाटत होतं, शिक्का पडला म्हणजे काम अर्धं झालं. आपल्या मुलखात कागदाला शिक्का लागला की तो कागद देवासारखा होतो. त्याला फुलं वाहायची, बाकी त्याने काही करावं अशी अपेक्षा ठेवायची नाही.

बोलणं ऐकून परेश आतल्या खोलीतून बाहेर आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, कानात फोनचं ते पांढरं बोंडूक.

“काका, आम्ही फक्त नाव नोंदवून देतो. कुणी तरी संस्थेचं नाव खोटं लावून पाठवली असणार. असं खूप होतं. आमच्या हातात काही नाही.”

“खोटं लावलंय की खरं, ते बघितलंस?” शालिनीने विचारलं.

“बघायचं काय त्यात?”

“काट्यावर गाडी न चढवताच वजन सांगतोस, परेशबाब.”

पण छापलेल्या कागदाने काम होणार नव्हतं. कागदावर फक्त मजकूर येतो. मेल कुठून कुठून आली ते सगळं मूळ मेलच्या पोटात असतं. शालिनीने रूपालीला फोन लावला.

“बाबा थय गेले?” पलीकडून आवाज आला. “शी! गावभर वाजवीत फिरतत.”

“फिरूं दे गो. तुला मेल आली ती माका धाड.” रूपालीने लगेच स्क्रीनचा फोटो पाठवला, तशी शालिनी म्हणाली, “फोटो नको बाय. फोटोत गाडीचं तोंड दिसता, चिठ्यो दिसत नाहीत. लॅपटॉप आहे?”

“चुलतभावाचो हा.”

“त्याच्यावर मेल उघड, आणि अख्खी जशीच्या तशी फाईल करून जोडून धाड.”

दहा मिनिटांनी ती आली. शालिनीने उघडली. आकड्या-अक्षरांचा नुसता पाला. पण तिने एका ओळीवर बोट ठेवलं, तसा भिकाजी जवळ सरकला.

“हे बघा काका. मेलवर पाठवणाऱ्याचं नाव असतं ना, ते ट्रकच्या कपाळावर रंगवलेल्या नावासारखं. कोणीही काहीही रंगवून घेतो. खरं काय ते नाक्यावरच्या चिठीत. मेल ज्या ज्या नाक्यावरून जाते, तो नाका आपली चिठी वर चिकटवतो. सगळ्यात वरची चिठी शेवटच्या नाक्याची.”

“म्हणजे लोडिंग खय झाला तां सगळ्यात खालच्या चिठयेर!” भिकाजी म्हणाला. चाळीस वर्षं गाडी हाकलेल्या माणसाला याहून जास्त शिकवायची गरज नव्हती.

शालिनी वरून खाली एकेक ओळ वाचत गेली. शेवटाला पोचली आणि तिचा चेहरा उतरला. मेल मोठ्या कंपनीतल्या, संस्थेच्या स्वतःच्याच पेटीतून निघाली होती. वर कंपनीची मोहोरसुद्धा होती. परेश म्हणत होता तसं खोटं नाव लावलेलं नव्हतं.

फोन अजून चालूच होता. रूपालीने सगळं ऐकलं होतं.

“बघा! माका ठावक होता. पत्तो खरो, मेल खरी. मी उद्या जातंय.” आणि फोन बंद.

बाप लेकीला वाचवायला दोन बस बदलून आला, आणि इथे येऊन लेकीच्याच हातात पुरावा दिला. शालिनीला वाटलं, आपण तोंड उघडलंच नसतं तर बरं झालं असतं. पण भिकाजी त्या पाल्याकडे बघत राहिला होता.

“गाडी तेंची,” तो हळूच म्हणाला. “पण बाय, डायवर कोण?”

तेच खरं. चोरीला गेलेली गाडीसुद्धा मालकाच्याच नंबरावर धावते. पेटी संस्थेची, पण तिची किल्ली, म्हणजे पासवर्ड, कुणी चोरली असेल, तर मेल खऱ्या पेटीतून निघणार आणि खोटी असणार. पण किल्ली कुणाच्या हातात आहे ते पेटीवाल्या कंपनीलाच दिसतं.

भिकाजीची बस होती. “घराकडे जावन दारात आडवो पडान, आणखी काय,” म्हणाला. “पण चोवीस वर्षांचा चेडू तां. वलांडून जायत.”

तो गेल्यावर शालिनीने पहिल्यांदा त्या मोठ्या कंपनीचा तक्रारीचा फॉर्म उघडला. इतके दिवस ती जगाला तिकडे पाठवत होती, स्वतः कधी त्या दाराशी गेली नव्हती. फॉर्म भरला, अख्खी मेल जोडली, कोणती ओळ काय दाखवते ते आपल्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं, उद्या अकराची वेळही लिहिली. जेवणाला मागवलेला उंडो पाव आणि पातळभाजी तशीच मेजावर सुकली.

साडेतीनला उत्तर आलं. माणसाचं नव्हे, यंत्राचं. ‘आपली तक्रार त्या संस्थेच्या मेलबॉक्सच्या व्यवस्थापकाला पाठवली आहे. खातं बंद करणं, पासवर्ड बदलणं त्याच्या अखत्यारीत आहे.’

व्यवस्थापक! म्हणजे मुख्य किल्ली असलेला माणूस. शालिनीने संस्थेत फोन लावला. कारकून रेश्मा फोनवर आली.

“रेश्मा, तुमच्या मेलची मुख्य किल्ली कोणाकडे आसा?”

“किल्ली? आमका कितें कळटा त्यातलें, ताई? सहा वर्षांमागे परेशबाबांनीच सगळें करून दिलां. आमच्या सरांनी तेन्नाच सांगिल्लें, किल्ली तुमच्याकडेच ठेवा, आमच्याकडे हरवतली.”

शालिनीने फोन खाली ठेवला. आपल्याकडची ही जुनी रीत. गावाला जाताना शेजाऱ्याकडे किल्ली द्यायची. शेजारी ती खुंटीला लावतो आणि विसरतो. घरात चोर शिरला की शेजारीच विचारतो, अरे, यांची किल्ली कोणाकडे होती?

कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर परेशने धंदा सुरू केला तेव्हाची त्याची एक मेलपेटी होती. गिऱ्हाइकांच्या पेट्या मांडून द्यायला केलेली. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिटोऱ्यावर. शालिनीने ती उघडली. सगळ्यात वर तिची स्वतःचीच तक्रार. तीन वाजता तिने अमेरिकेला पाठवलेली, साडेतीनला त्याच खोलीत, चार हातांवर येऊन पडलेली. तिच्या खाली त्याच संस्थेच्या पेटीबद्दलच्या आणखी. कुणी पुण्याचा, कुणी मडगावचा, कुणी बेळगावचा. प्रत्येकाने शालिनीचं उत्तर मिळाल्यावर कंपनीला कळवलं होतं, आणि कंपनीने इमानाने ते व्यवस्थापकाला पाठवलं होतं. पहिली तीन आठवड्यांपूर्वीची. एकही उघडलेली नव्हती.

तीन आठवडे ती लोकांना सांगत होती, पलीकडे जा. आणि पलीकडून त्यांना वळवून तिच्याच पाठीमागे उभं केलं जात होतं. तिने फक्त मान वळवायची होती.

“परेश!”

हाकेतला ‘बाब’ गळून पडला होता. परेश धावतच बाहेर आला.

“हे काय आहे?”

त्याने वाचलं. चेहऱ्यावरची इस्त्री मोडली. “अरे... ही मेल मी कधीच बघत नाही. विसरलोच.”

“विसरलास. आणि माझ्या नावाने जगाला लिहून कळवलंस की आमच्या हातात काही नाही. किल्ली खुंटीला, आणि म्हणे हातात काही नाही!”

“शालूताय, ओरडू नको, खाली ऐकू जातं.”

“जाऊ दे! भाजीवाल्यांनासुद्धा कळू दे वर काय विकतात ते. ती पेटी बंद कर.”

“आत्ता? असं कसं? अॅडमिशनचे दिवस आहेत. पेटी बंद केली तर त्यांचे अध्यक्ष जयरामबाब माझ्यावर उसळतील. त्यांचं लेटरहेडवर पत्र येऊ दे. उद्या दुपारपर्यंत—”

“उद्या अकराला पोरगी स्टँडवर असेल.”

“कायद्याने आपण—”

“कायदा तुला आज आठवला? तीन आठवडे खुंटीला होता काय तोही?”

शालिनीने खुर्ची पुढे ओढली. परेश दोन शब्द बोलला, तिने ऐकले नाहीत. तिने रेश्माला परत फोन लावला, तिच्या सरांना फोनवर घ्यायला लावलं, चार वाक्यांत सगळं सांगितलं. सर शहाणे निघाले. “बंद करा,” म्हणाले. “अध्यक्षांचं मी बघतो.” शालिनीने मुख्य किल्ली वापरून पासवर्ड बदलला आणि जो जो कुणी आत बसला होता त्याला बाहेर काढलं. मग आत कोण कधी शिरलं त्याची नोंद उघडली. संस्था साडेपाचला बंद होते. पेटी मात्र पहाटे, रविवारी, मे महिन्याच्या सुट्टीतसुद्धा उघडली जात होती, भलत्याच देशातून. शिवाय आत एक चोरवाट करून ठेवली होती: मुलींची उत्तरं आली की संस्थेला न दिसता परस्पर बाहेर जायची. तीही तिने बुजवली. मग सगळ्या नोंदीसकट कंपनीला परत लिहिलं.

नवा पासवर्ड रेश्माला दिला. रेश्माने पाठवलेल्या मेल उघडल्या आणि फोनवरच रडू लागली. तीच मेल अकरा मुलींना गेली होती. प्रत्येकीला वेगळा दिवस, वेगळा स्टँड.

“रड मागीर,” शालिनी म्हणाली. “आदी रूपालीला फोन कर. माझं ती ऐकणार नाही. संस्थेनेच सांगायला हवं.”

रेश्माने फोन केला, शालिनीलाही जोडून घेतलं. रूपाली आधी भांडली. पत्ता खरा असल्याचं तुम्हीच सांगितलंत म्हणाली. शालिनी म्हणाली, “सांगितलं. गाडी खरी होती. ड्रायव्हर चोर होता, तेवढं तुझ्या बापाला न वाचता कळलं.” मग रेश्माने, संस्थेतून कुणीही ही मेल पाठवली नाही, असं स्पष्ट सांगितलं.  पलीकडून रूपालीचा लहान आवाज: “आई, बॅग खाली घे गे.” मागे भिकाजी काही तरी म्हणाला. शिवी होती की देवाचं नाव, ते कळलं नाही.

उरलेल्या दहाजणींना फोन करायचे होते. शालिनीने यादी परेशपुढे ठेवली.

“तू कर.”

“मी? शालूताय, तुला बोलायची सवय आहे...”

“सवयच तर नडली. कर.”

परेशने नऊ फोन केले. कुणाचं अजून जायचं होतं, कुणाला संशय आला होता, एका मुलीच्या आजीने त्यालाच चोर समजून अशा काही शिव्या दिल्या की त्या लिहिल्या तर कागद जळेल. शालिनीला बरं वाटलं. दहावा फोन हरवळ्याला, विमला नावाच्या बाईला. मुलगी सेजल.

परेश बोलत होता. मध्येच हाताने फोन झाकून म्हणाला, “तिने दिली. सोमवारी. पासपोर्ट, सर्टिफिकेटं, सगळी.”

सोमवारी. त्या दिवशी सकाळी दहाला बेळगावच्या माणसाची तक्रार आली होती. शालिनीने सव्वादहाला त्याला चार ओळी पाठवल्या होत्या आणि चहा घ्यायला खाली गेली होती. सेजल दुपारच्या बसने गेली होती.

“तू बोल ना,” परेश म्हणाला. “मी काय सांगू तिला?”

“फोनवर काही सांगू नकोस. गाडी काढ.”

हरवळ्याला पोचले तेव्हा ऊन कलत होतं. विमला अंगणात उभीच होती, कमरेला पदर खोचून. तिने बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. गोव्यात असं होत नाही. दारात आलेल्या चोरालासुद्धा आधी बसायला देतात. मागे उंबऱ्यात सेजल, बावीस वर्षांची, हात रिकामे.

परेशने घसा साफ केला. “मावशी, बाहेरच्या कंपनीच्या पेटीत कुणी तरी—”

शालिनीने त्याला हाताने बाजूला सारलं. ती विमलाशी नाही, सरळ सेजलशी बोलली.

“बाय, तुझ्या आधी लोकांनी आम्हाला सांगितलं होतं. सोमवारी सकाळीसुद्धा. थांबवायची किल्ली आमच्याच दुकानात होती. आम्ही बघितली नाही. मी बघितली नाही.”

विमला पुढे आली. “आणि आता सांगूंक आयल्यात? तीन वर्षां म्हजें चेडूं पहाटेची बस धरून गेलें! त्या कागदांखातीर! आतां तें आपणाक नर्स म्हणून कशें दाखवतलें?”

 आता काहीही बोललं असतं तर ते कुठून तरी तयार आणल्यासारखं वाटलं असतं. तिने पिशवीतून नोंदींचे कागद काढले. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या देशातून; स्टँडवरच्या माणसाचा मेलमधला फोन नंबर; अकरा मुलींची नावं.

“तुला त्याचं तोंड आठवतं?” तिने सेजलला विचारलं.

“आठवतं,” सेजल म्हणाली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच बोलली. “माका ‘डॉटर’ म्हणालो तो.”

तिने कागद शालिनीच्या हातातून ओढून घेतले, उंबऱ्याखालच्या चपला पायांत सरकवल्या. परेशने घाईघाईने गाडीचं दार उघडून धरलं. सेजलने त्या दाराकडे पाहिलं, परेशकडे पाहिलं, आणि चौकीच्या रस्त्याने पायीच निघाली. विमला तिच्यामागे, शालिनी विमलाच्या मागे. परेशने दार लावलं आणि तोही चालू लागला, सगळ्यांच्या शेवटी.